क्रॉस कंट्री स्कीइंग: मुंबईहून गुलमर्गला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडची. कॉलेजपासून सह्याद्रीत भटकतेय आणि गेले पाच हिवाळे जमेल तशी रजा काढून गुलमर्गला क्रॉस कंट्री स्कीइंगला जातेय. ट्रेकवाले, ऑफिसातले, बिल्डिंगमधले सगळे तेच तेच प्रश्न विचारतात आणि फोनवर दरवेळी अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा सगळं बसून लिहिलं. ज्याला राजमाची, हरिश्चंद्रगड चालायला आवडतं त्याच्यासाठी बर्फात याच्याइतकं छान दुसरं काही नाही असं मला मनापासून वाटतं, आणि आपल्याकडे बहुतेकांना हा प्रकार आहे हेच माहीत नसतं.

क्रॉस कंट्री म्हणजे नक्की काय? टीव्हीवर डोंगरावरून सुसाट खाली येतात तेच ना?

नाही, ते अल्पाइन. त्यात बूट कडक प्लास्टिकचा, टाच स्कीला घट्ट बांधलेली, रोपवेने वर जायचं आणि घसरत खाली यायचं. क्रॉस कंट्रीत बूट मऊ आणि हलका असतो, चवड्याचं टोक तेवढं स्कीला अडकवलेलं आणि टाच मोकळी. टाच मोकळी म्हणून चालता येतं. सपाटीवर चाला, चढ आला तर चढा, उतार आला तर घसरा, पुन्हा चढा, सगळं स्वतःच्या पायांच्या आणि हातातल्या दोन पोल्सच्या जोरावर. नॉर्वे-स्वीडनकडे लोक शेकडो वर्षं हिवाळ्यात असेच शेजारच्या गावाला जायचे, शिकारीला जायचे, खेळ वगैरे नंतर झाला. मी तर याला चालणाऱ्यांचं स्कीइंग म्हणते.

मला स्कीइंगचा गंधही नाही, वयही झालंय. जमेल का?

माझ्या आत्याचं सांगते. वय ६३, बर्फ पहिल्यांदाच बघत होती, पण दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला पायी वारी करते. माझ्याबरोबर आली ती नुसती सोबत म्हणून, हॉटेलच्या खिडकीत बसून राहीन म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी म्हटलं चल उभी तर राहून बघ. पहिला तासभर पडली, उठली, परत पडली, आणि मग शिकवणाऱ्या काश्मिरी दादांनी तिचे पोल काढून घेतले आणि नुसतं हात हलवत चालायला सांगितलं, एक-दोन, एक-दोन, आणि ती एकदम म्हणाली "अगं ही तर पावलीच आहे." टाळ-मृदंगावर पावली घालतात तसं वजन एका पायावर पूर्ण टाकायचं, क्षणभर थांबायचं, मग दुसऱ्यावर. तिला ते अंगातच होतं. मला तेवढं जमायला चार दिवस लागले होते, कारण मी घाईत असायची आणि वजन दोन्ही पायांच्या मधोमध ठेवायची.

त्यामुळे वयाचं एवढं मनावर घेऊ नका. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हृदयाचा त्रास आहे, बीपी जास्त असतं, तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

क्लासिक आणि स्केटिंग हे दोन प्रकार ऐकले. फरक काय?

इथे जरा सविस्तर लिहिते कारण गोंधळ इथेच होतो.

क्लासिकमध्ये दोन्ही स्की समांतर आणि सरळ पुढे. तयार ट्रॅक असेल तर बर्फात दोन चर पाडलेले असतात, आगगाडीच्या रुळासारखे, त्यातून जायचं. मुख्य चाल म्हणजे डायगोनल स्ट्राइड, उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे, म्हणजे आपण चालतो तसंच, फक्त प्रत्येक पावलाला एका पायाने खाली दाबून ढकलायचं आणि दुसऱ्या पायावर घसरत जायचं. या ढकलण्याला किक म्हणतात आणि घसरण्याला ग्लाइड. सपाटीवर वेग आला की पाय स्थिर ठेवून दोन्ही पोल एकदम टेकवायचे आणि पोटातून वाकून मागे ढकलायचं, ते डबल पोलिंग. हात दुखतील असं वाटतं पण खरं काम पोटाचे आणि पाठीचे स्नायू करतात, शाळेत लेझीम खेळलेल्यांना ते कमरेतून वाकणं ओळखीचं वाटेल. चढ जास्तच आला तर स्कीची पुढची टोकं बाहेर फाकवून, आतल्या कडा बर्फात रुतवत एकेक पाऊल चढायचं, मागे माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटत जाते म्हणून त्याचं नाव हेरिंगबोन.

स्केटिंगमध्ये स्की सरळ ठेवायच्याच नाहीत. इनलाइन स्केट्स घातलेली पोरं एकदा उजवीकडे एकदा डावीकडे ढकलत जातात ना, डिट्टो तसं. स्कीच्या आतल्या कडेने तिरकं ढकलायचं आणि दुसऱ्या स्कीवर पूर्ण वजन टाकून घसरायचं. क्लासिकपेक्षा वेग जास्त, दमही जास्त लागतो, आणि त्याला रुंद, दाबून सपाट केलेला बर्फ लागतो. ताज्या भुसभुशीत बर्फात स्की रुतते आणि तुम्ही दोन मिनिटांत थकून उभे राहता.

हा स्केटिंगचा प्रकार तसा अलीकडचा आहे. अमेरिकेच्या बिल कॉखने १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये ३० किलोमीटरला रौप्य मिळवलं होतं, पुढे त्याने रेसमध्ये स्केटिंगचं पाऊल वापरायला सुरुवात केली आणि १९८२ चा वर्ल्ड कप जिंकला. मग बाकीचेही तेच करायला लागले, १९८५ च्या सीफेल्डच्या जागतिक स्पर्धेत तर स्केटिंगचाच बोलबाला होता, आणि जुनी चाल संपतेय की काय अशी भीती वाटायला लागल्यावर आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने क्लासिक आणि फ्रीस्टाइल अशा शर्यतीच वेगळ्या केल्या. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकपासून दोन्ही वेगळ्या आहेत. फ्रीस्टाइलमध्ये कसंही गेलं तरी चालतं, म्हणून सगळे स्केटिंगच करतात. क्लासिकमध्ये मात्र स्केटिंगचं पाऊल टाकलं तर कारवाई होते.

तिसरा एक प्रकार पण आहे, बॅककंट्री किंवा टूरिंग. चाल क्लासिकचीच, पण स्की जरा रुंद आणि कडेला धातूची पट्टी, म्हणजे ट्रॅक नसलेल्या बर्फातही जाता येतं. हिमालयात आपल्यासाठी हाच सगळ्यात कामाचा, कारण तयार ट्रॅक आपल्याकडे फार कमी वेळा मिळतो.

मग आधी काय शिकू?

क्लासिक. मुलं जर इनलाइन स्केट्सवर पक्की असतील आणि दाबलेला बर्फ मिळत असेल तर त्यांना थेट स्केटिंग द्या, मजेत शिकतात.

स्की घसरते तर मग ढकलायला पकड कुठून येते?

मला हा प्रश्न फार आवडतो कारण हे समजलं की अर्धं स्कीइंग समजतं.

क्लासिक स्की जमिनीवर ठेवली तर मधे धनुष्यासारखी उचललेली दिसेल. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना मधला भाग बर्फाला टेकतच नाही, पुढचा आणि मागचा भाग फक्त घसरतो. एका पायावर सगळं वजन टाकून खाली दाबलं की धनुष्य चपटं होतं, मधला भाग बर्फाला लागतो, आणि त्या मधल्या भागात पकडीची सोय केलेली असते. म्हणून आत्याचं पूर्ण वजन टाकणं बरोबर आणि माझं अर्धवट चुकीचं होतं, माझं धनुष्य कधी खाली बसतच नव्हतं आणि पाय मागे निसटत होता.

पकडीची सोय तीन प्रकारची. एक, तळाला खवले कोरलेले असतात, माशावरून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला तर खरखरीत, अगदी तसं. काहीही लावावं लागत नाही, नवीन माणसाने हीच घ्यावी. दोन, मधे मोहेरची पट्टी चिकटवलेली, मखमलीसारखी, एका दिशेने मऊ आणि उलट्या दिशेने अडणारी. ग्लाइड छान मिळतो पण पट्टी खराब होते, जपावी लागते. तीन, वॅक्स. मधल्या भागाला चिकट किक वॅक्स घासायचं, आणि ते बर्फाच्या तापमानाप्रमाणे बदलायचं: कडाक्याच्या थंडीला हिरवं, मग निळं, मग जांभळं, शून्याच्या आसपास लाल. पुन्हा गोठून कडक झालेल्या बर्फावर क्लिस्टर नावाचं काकवीसारखं चिकट द्रव्य लावतात, ते हाताला, जॅकेटला, पोलला सगळीकडे लागतं आणि निघता निघत नाही. नेम चुकला तर एकतर पाय मागे घसरतो नाहीतर ताजा बर्फ तळाला गोळे करून चिकटतो. काश्मीरच्या फेब्रुवारीत सकाळी उणे आणि दुपारी ऊन अशी परिस्थिती असते, दिवसातून दोनदा वॅक्स बदलायची हौस असेल तरच या वाटेला जा.

एक महत्त्वाचं: फ्लोरिन असलेली जुनी ग्लाइड वॅक्स (स्की जास्त घसरावी म्हणून तळाला लावतात ती) कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. ती रसायनं माती-पाण्यात वर्षानुवर्षं राहतात, आणि स्पर्धांमध्ये २०२३-२४ च्या सीझनपासून त्यावर पूर्ण बंदी आहे. गुलमर्गचा बर्फ वितळून खालच्या गावांच्या ओढ्यांनाच जातो.

स्की आणि पोलची लांबी कशी ठरवायची?

क्लासिक स्की साधारण आपल्या उंचीपेक्षा १५ ते २० सेंटीमीटर जास्त, स्केटिंगची त्याहून थोडी आखूड. पण उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, कारण धनुष्य तुमच्या वजनाने बसायला हवं. दुकानात कागदाची ट्रिक करा: सपाट फरशीवर दोन्ही स्कीवर सारखं वजन टाकून उभे राहा, कोणाला तरी पायाखालून कागद सरकवायला सांगा, सरकला पाहिजे. मग एकाच पायावर उभे राहा, आता कागद अडकला पाहिजे. दोन्ही वेळी सरकतोय तर स्की तुमच्यासाठी कडक, दोन्ही वेळी अडकतोय तर मऊ.

पोल क्लासिकला काखेपर्यंत ते खांद्यापर्यंत, स्केटिंगला हनुवटी-ओठांच्या मधे. स्पर्धेत तर नियमच आहे की क्लासिकचा पोल बूट घालून मोजलेल्या उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा लांब नको. म्हणजे १६० सेंटीमीटरच्या माणसाला १३०-१३२ चा पोल पुरे.

गुलमर्गला हे सामान भाड्याने मिळतं का?

मिळतं, पण विचारून जा. बहुतेक दुकानांत अल्पाइनचंच सामान असतं, नॉर्डिक म्हणजे क्रॉस कंट्रीचं मोजकंच. पहिल्या वर्षी मला एका दुकानात "क्रॉस कंट्री है मॅडम" म्हणून सरळ अल्पाइनचा जोड दिला होता आणि मला काहीच कळत नसल्यामुळे मी तो घालून सपाटीवर एक अख्खा दिवस धापा टाकत होते. बूट घालून टाच उचलून बघा, उचलली गेली तरच ती क्रॉस कंट्री. आणि बूट आपल्या मापाचाच घ्या, मोठा घेऊन दोन मोजे घालायचे ही आयडिया करू नका, दुसऱ्या वर्षी मी ते केलं आणि टाचेला इतका मोठा फोड आला की दोन दिवस खोलीत बसून काढले. मुंबईहून एक नीट बसणारा जाड लोकरी मोजा न्या, तोच सगळीकडे वापरा. दर, वेळ आणि शिकवणाऱ्याचे तास आधीच बोलून घ्या.

गुलमर्गमध्ये नक्की कुठे करायचं? ट्रेल आहेत का?

परदेशात असतात तशा खुणा लावलेल्या, मशीनने रोज चर पाडलेल्या ट्रेल आपल्याकडे पर्यटकांसाठी नाहीत, हे आधीच मान्य करून जा म्हणजे नाराज होणार नाही. स्पर्धा किंवा कोर्स चालू असतो तेव्हा दाबलेला ट्रॅक दिसतो, एरवी पुढच्या माणसाने पाडलेली वाट हाच ट्रॅक. पण जागा मात्र अप्रतिम आहे.

सुरुवात गोल्फ कोर्सवर. गुलमर्ग म्हणजे साधारण २,६५० मीटरवरचं बशीसारखं कुरण, आणि त्याच्या मधोमध १८ होलचं गोल्फ कोर्स, हिवाळ्यात सगळं बर्फाखाली. हलके चढ-उतार, वरून दरड यायची भीती नाही, पडलात तरी मऊ. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २०२० पासून होतात, त्यातलं नॉर्डिक स्कीइंगही इथेच. सकाळी लवकर जा, साडेदहा-अकरानंतर स्लेज, स्नो स्कूटर आणि फोटोवाल्यांची गर्दी होते. चर्चच्या बाजूला देवदारांच्या कडेने गेलात तर गर्दी बरीच कमी.

ते जमलं की आउटर सर्क्युलर वॉक. गुलमर्गच्या बशीला बाहेरून फेरी मारणारी साधारण ११ किलोमीटरची ही वाट, पाइनच्या जंगलातून जाते आणि मोकळ्या जागी आली की खाली खोरं दिसतं. उन्हाळ्यात नुसती चालायची वाट आहे. बर्फात सगळी खुली असेलच असं नाही, काही ठिकाणी उताराचा तुकडा वाटेवर येतो, म्हणून तिथल्या माणसाला बरोबर घेऊनच जा आणि पूर्ण फेरीचा हट्ट धरू नका. मी स्वतः बहुतेक वेळा तीन-चार किलोमीटर जाऊन आल्या वाटेने परत येते. बर्फाला काश्मिरीत शीन म्हणतात, आणि रात्री शीन पडून सकाळी त्या जंगलात पहिली वाट आपण पाडत असलो की स्कीचा सर्र-सर्र आवाज सोडून काही ऐकू येत नाही. मुलुंड स्टेशनच्या ब्रिजवर रोज चढणाऱ्या माणसाला ती शांतता काय वाटते हे मला खरंच शब्दांत सांगता येणार नाही.

बाबा रेशीच्या दर्ग्याकडे जंगलातून उतरणारी वाट पण आहे. ती उताराची आहे, अरुंद स्कीवर आणि मोकळ्या टाचेवर झाडांमधून वळणं घ्यावी लागतात. पहिल्या दोन सीझनमध्ये नको.

गोंडोलाने, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेने, वर अफरवतच्या डोंगरावर जाऊन तिथून क्रॉस कंट्री करता येईल का?

नाही, आणि यावर मी जरा कडकच बोलते. गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर जातो. तिथले उतार अल्पाइन आणि फ्रीराइडवाल्यांचे (तयार वाट सोडून मोकळ्या बर्फात उतरणाऱ्यांचे) आहेत, आणि हिमस्खलन हे तिथलं खरंखुरं संकट आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवतच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत खिलनमर्गला एका रशियन स्कीअरचा जीव गेला. ही नवशिकी माणसं नव्हती.

साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सगळ्यात जास्त हिमस्खलनं होतात. आपण स्वतः सपाटीवर असलो तरी वर असा उतार असेल तर तो खाली आपल्यावरच येणार, हे लोक विसरतात. मोठा बर्फ पडून गेल्यावर पहिले एक-दोन दिवस, वारा जोरात असेल तेव्हा, किंवा एकदम ऊन चढल्यावर कुठल्याही उताराच्या पायथ्याशी रेंगाळू नका. स्थानिक माणूस नको म्हणाला की नको. वाद घालायचा नाही.

औली, सोलंग, सिस्सू कसं आहे?

उत्तराखंडातल्या औलीला नंदादेवी समोर दिसते, त्यासाठी एकदा तरी जावं. पण औली मुळात उतार आहे, अल्पाइनला मस्त, क्रॉस कंट्रीला सपाटी कमी. वर गोरसोंच्या बुग्यालाकडे, म्हणजे डोंगरावरच्या कुरणाकडे, बॅककंट्री स्की घेऊन वाटाड्याबरोबर छान टूर होते, दम मात्र चांगला हवा. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले, तेव्हा तिथून औलीला येणारा रोपवे बंद केला गेला, त्यामुळे रस्त्याने वर जायच्या तयारीनेच निघा. आणि त्या गावावर काय वेळ आली होती ते लक्षात ठेवून वागा, पाणी जपून वापरा, कचरा परत घेऊन या.

मनालीजवळच्या सोलंगला गर्दी खूप, उतार छोटा. पहिल्यांदा बर्फ बघायला ठीक.

सिस्सू मला आवडलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल टनेल सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये हिवाळ्यातही जाता येतं. चंद्रा नदीच्या काठची सपाटी ३,१०० मीटरच्या आसपास आहे आणि बर्फ कोरडा मिळतो. पण दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मोठा बर्फ पडला की टनेल पर्यटकांसाठी बंद, म्हणून हातात दोन-तीन दिवस जास्तीचे ठेवा. सामान मनालीहून घेऊन जायचं.

कधी जायचं?

जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्ला-ए-कलां, सगळ्यात कडक थंडी, मग २० दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द आणि १० दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. माझ्या मते खुर्दचे २० दिवस सगळ्यात बरे, बर्फ साचलेला असतो आणि ऊन जरा उबदार. ख्रिसमसचं बुकिंग बर्फाच्या भरवशावर करू नका. २०२४ च्या जानेवारीत तर अर्ध्याहून जास्त महिना गुलमर्ग कोरडं होतं, तपकिरी गवत दिसत होतं, महिनाअखेरीस कुठे बर्फ आला. आता असं होत राहणार, म्हणून कॅन्सल करता येईल असंच बुकिंग करा.

मुंबईहून कसं पोचायचं?

विमानाने श्रीनगर, तिथून गाडीने ५० किलोमीटरच्या आसपास. तंगमर्गपासून वरचा १३ किलोमीटरचा घाट बर्फात चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनेच होतो, खाली गाडी बदलावी लागते. ट्रेनने जायचं तर वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्स्प्रेसने कटरा आणि तिथून श्रीनगरची वंदे भारत, ही जून २०२५ पासून सुरू झाली. वेळ भरपूर लागतो पण चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल दिवसाउजेडी बघायला मिळतो. विमान धुक्याने किंवा बर्फाने रद्द होतं, परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिस ठेवू नका.

आणि फोन. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. ग्रुपमधल्या एकाचं तरी पोस्टपेड हवंच.

काश्मीरला जाणं सेफ आहे का?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला जे झालं त्यात शेजारच्या डोंबिवलीची तीन माणसं गेली, त्यामुळे कोणी हा प्रश्न विचारला तर मी तो हलक्यात घेत नाही. त्यानंतर बरीच ठिकाणं पर्यटकांसाठी बंद झाली आणि टप्प्याटप्प्याने उघडली. निघायच्या आधी सरकारी सूचना बघा, तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करा, आणि घरच्यांचं मन नसेल तर त्या वर्षी औलीला जा. मी परत गेले, तो माझा निर्णय होता, दुसऱ्या कोणावर लादणार नाही.

कपडे काय घ्यायचे? मुंबईत तर स्वेटरच नसतो.

लोक इथे उलटी चूक करतात, भयंकर कपडे घालतात. क्रॉस कंट्रीत दहा मिनिटांत घाम फुटतो, आणि घामाने भिजलेला कपडा थांबल्यावर गारठवतो. आत घाम शोषून पटकन वाळणारं थर्मल, वर पातळ फ्लीस, त्यावर वारा अडवणारं हलकं जॅकेट. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे म्हणजे बरोबर. जाड पफर जॅकेट बॅगेत, थांबल्यावर घालायला. कॉटनचं काहीही नको, जीन्स तर अजिबात नको. हातमोजे दोन जोड, कानटोपी, आणि यूव्हीचा चांगला गॉगल, कारण बर्फावरून परत फिरणाऱ्या उन्हाने डोळे जळतात, संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या खाली पण लावा.

खायला लोणावळ्याची चिक्की नेऊ नका, थंडीत दगड होते. राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर बेस्ट.

उंचीचा त्रास होतो का?

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि गुलमर्गचं मैदान त्याच्याही हजार मीटर वर. आपण समुद्रसपाटीवरून विमानाने काही तासांत तिथे पोचतो. पहिल्या दिवशी नुसतं फिरा, पाणी भरपूर प्या, स्की दुसऱ्या दिवशी. डोकं दुखतंय आणि मळमळतंय तर विश्रांती, वाढलं तर खाली तंगमर्ग-श्रीनगरला उतरा.

थांबायचं कसं? मला उताराचीच भीती वाटते.

स्कीची पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब, गुडघे वाकवून आतल्या कडांवर जोर, याला स्नोप्लाउ म्हणतात. क्रॉस कंट्रीची स्की हलकी आणि टाच मोकळी म्हणून अल्पाइनएवढा ब्रेक लागत नाही, त्यामुळे वेग वाढायच्या आधीच सुरू करा. उतार झेपणार नाही वाटला तर स्की काढून हातात घ्या आणि कडेने चालत उतरा, त्यात काही कमीपणा नाही. तोल गेला तर बाजूला, बसल्यासारखं पडा.

उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या आणि आपल्यापेक्षा खालच्या बाजूला आणा, मग गुडघ्यांवर या, मग एक पाय पुढे घेऊन उभे राहा. पोलवर जोर देऊन उठू नका, पोल वाकतो आणि खांदा दुखावतो. हे उठणं घरी गादीवर वीस वेळा करून जा, खरंच सांगते.

मुंबईत सराव कसा करणार?

मॉलमधल्या स्नो पार्कचा उपयोग नाही, जागाच नसते. तोल हा पाया आहे, म्हणून दात घासताना एका पायावर उभे राहा, मग डोळे मिटून. शनिवार-रविवार येऊर किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ट्रेकिंगचे पोल घेऊन झपझप चाला, उलटा हात-पाय, पोल मागे ढकलत, कान्हेरीचा चढ त्याला फार छान आहे. स्केटिंग शिकायचं असेल तर इनलाइन स्केट्स. रोलर स्की म्हणून चाकं लावलेली स्की पण मिळते, जगभरचे खेळाडू उन्हाळ्यात तिच्यावरच ट्रेनिंग करतात, पण तिला बहुतेक वेळा ब्रेक नसतो आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे बघता सोसायटीच्या बंद आवारात किंवा रिकाम्या ग्राउंडच्या काँक्रीटवरच चालवा, हेल्मेट घालून.

दुसऱ्यांबरोबर वाट वापरताना काही नियम आहेत का?

पाडलेल्या चरात बुटाने चालू नका, खड्डे पडतात आणि मागून येणाऱ्याची स्की अडते. उतारावरून येणाऱ्याला आधी वाट द्या. पडलात तर पटकन कडेला व्हा. थांबायचं ते वाटेच्या बाहेर.

भारतात कोणी सिरियसली करतं का हे?

करतात! ताशी लुंडुप २०१० ला व्हँकुव्हरला, नदीम इक्बाल २०१४ ला सोचीला, जगदीश सिंग २०१८ ला प्योंगचांगला, तिघेही ऑलिंपिकला १५ किलोमीटर क्रॉस कंट्रीत उतरले. सैन्याचं हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल गुलमर्गलाच आहे. आणि मला सगळ्यात जवळची वाटते ती भवानी टी. एन., कर्नाटकातल्या कोडगूची, म्हणजे कॉफीच्या मळ्यांच्या प्रदेशातली मुलगी, जिथे कधी बर्फ पडत नाही, आणि ती भारतासाठी क्रॉस कंट्रीत उतरते. बर्फात जन्मलो नाही म्हणून आपलं काही होणार नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तिचं नाव सांगते.

परदेशात एकदाच जायचं तर कुठे?

ओस्लो. शहराच्या मेट्रोत लोक स्की हातात धरून चढतात आणि एक नंबरच्या लाइनने फ्रोग्नरसेटरनला उतरून थेट नूरमार्काच्या जंगलात शिरतात, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावरसुद्धा, कारण काही ट्रेलवर दिवे लावलेले आहेत. रेस बघायची तर स्वीडनची वासालोपेट, सालेन ते मूरा ९० किलोमीटर, १९२२ पासूनची. नॉर्वेच्या बिर्केबायनरमध्ये तर ५४ किलोमीटर पाठीवर साडेतीन किलोची पिशवी घेऊन जायचं असतं.

किती दिवसांत येईल?

पाच दिवस धरा. पहिला उंचीला, दुसरा पडण्या-उठण्याला, तिसऱ्या दिवशी पोलशिवाय चाल, चौथ्या दिवशी पोल घेऊन आणि थोडा चढ-उतार. या चार दिवसांत पाय, खांदे, अगदी बरगड्या पण दुखतात, रात्री गरम पाण्याने शेका आणि नून चाय (काश्मिरी मिठाचा चहा) प्या. पाचव्या दिवशी सकाळी बर्फ अजून कडक असताना लवकर जा. तेव्हा बहुतेकांना पहिला खरा ग्लाइड मिळतो, एका किकमध्ये दोन-तीन मीटर आपोआप पुढे, पाय काहीच करत नसताना. आत्याला मिळाला तेव्हा ती गोल्फ कोर्सच्या मधोमध उभी राहून मोठ्याने "विठ्ठल विठ्ठल" म्हणाली आणि शिकवणाऱ्या दादांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दुपारी तिने पुढच्या फेब्रुवारीचं विचारलं.